आमच्या व्याह्यांची कोरडी भिंत

आमच्या व्याह्यांइतका भिंतींवर जीव असलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, कारण ते एकमेकांकडे पाठ करून आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसतील आणि यजमानाचा चहा निवून जाईल. कुणाच्याही घरी गेले की आमचे व्याही आधी भिंतीची तब्येत पाहतात, मग माणसांची विचारतात. चपला काढून आत पाऊल टाकलं की त्यांची नजर थेट खाली जाते, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. तिथं रंग फुगलेला दिसला, पोपडे सुटलेले दिसले, पांढरी भुकटी दिसली की ते तसेच भिंतीपाशी उकिडवे बसतात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा तळहाताचा मागचा भाग भिंतीला लावतात. भुकटी चिमटीत धरतात आणि चक्क जिभेवर ठेवतात. "खारट आहे," असं गंभीरपणे सांगतात. मी दातांचा डॉक्टर. माणसांनी तोंडात काय काय घालू नये हे सांगण्यात माझं आयुष्य गेलं, पण दुसऱ्याच्या घराची भिंत घालू नका असं सांगायची वेळ त्यांच्याआधी कुणी माझ्यावर आणली नव्हती.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मूळचे पारशिवनीकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. नागपुरात शिकले आणि इथल्याच एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गवंडीकामाशी त्यांचा काय संबंध असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं होतं. ते एकदा माझ्या दवाखान्यात आले असताना मी तसं विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे नापास होणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाले, "झाडात पाणी चढते तसंच भिंतीत चढते, डॉक्टरसाहेब. झाडाले त्याची गरज असते, भिंतीले नसते, एवढाच फरक." पुढे त्यांनी जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक बारीक छिद्रांतून कसं वर सरकतं, येताना मातीतला क्षार कसा घेऊन येतं, पाणी हवेत उडून गेल्यावर तो क्षार भिंतीवर कसा फुलतो आणि प्लास्टर कसं आतून ढकलून पाडतो, हे सगळं सांगितलं. माझा एक रुग्ण तोवर खुर्चीत आ वासून बसला होता. त्यालाही ते नीट समजलं असावं, कारण जाताना दाढेबद्दल एक अक्षर न बोलता त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीबद्दल विचारलं.

ते आमच्याकडे मुलगी पाहायला आले तो दिवस मी विसरणं शक्य नाही. आमचं घर तळमजल्याचं, आणि बैठकीच्या एका भिंतीला कायमची ओल. पाहुणे येणार म्हणून माझ्या बायकोने त्या भिंतीवर लाकडासारखं दिसणारं पीव्हीसीचं पॅनल लावून घेतलं होतं, आणि ते इतकं छान दिसत होतं की आम्ही दोघं जातायेता त्याच्याकडे बघत होतो. पोहे झाले, मुलगी बाहेर येऊन बसली, शिक्षण-नोकरीची विचारपूस सुरू झाली. तेवढ्यात हे गृहस्थ उठले, पॅनलपाशी गेले आणि मी रुग्णाच्या दाढेवर ठोकतो तसं त्यांनी त्याच्यावर ठोकलं. आतून पोकळ आवाज आला. "काहून झाकली जी?" त्यांनी विचारलं. मुलीकडच्यांनी काहीतरी झाकलं, असं मुलाचा बाप भर बैठकीत म्हणतो याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. मी "शोभेसाठी" असं काहीतरी पुटपुटलो.

त्यांनी शांतपणे चहा मागितला, तो बशीत ओतला आणि ताटलीतला एक टोस्ट त्यात उभा धरला. "पाहा," ते म्हणाले. आम्ही सगळे, मुलगा-मुलगी धरून, त्या टोस्टाकडे पाहत राहिलो. चहा हळूहळू वर चढत होता. "आता ह्या टोस्टले दोन्हीकडून प्लास्टिक लावलं, तर चहा खाली उतरीन का? नाही उतरत. अजून वर जाईन." माझी मुलगी फिसकन हसली. मुलाने मान खाली घातली, पण त्याचेही खांदे हलत होते. तोवर गप्प बसलेल्या विहीणबाई पहिल्यांदाच बोलल्या, "आता पडते ते. खाऊन घ्या." आणि टोस्ट बशीत पडलाच. व्याह्यांनी तो चमच्याने खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि जाहीर केलं, "पोरगी पसंत आहे आम्हाले. भिंतीचं मी पाहतो." साखरपुड्याच्या आधी ते गवंडी घेऊन आले, पॅनल काढलं, सिमेंटचं प्लास्टर खरवडलं आणि चुन्याचं करून दिलं. तेवढे दिवस आमच्या घरात लग्नघराची धांदल कमी आणि चुन्याची धूळ जास्त होती.

भिंतीला श्वास घेऊ द्यावा हा त्यांचा धर्म. ओल आलेल्या भिंतीला फरशा बसवणारे, वॉटरप्रूफ रंग फासणारे, सिमेंटने थापणारे लोक त्यांच्या दृष्टीने सारखेच गुन्हेगार. "आंग ओलं आहे अन् वरून रेनकोट घालून राहिले," असं ते अशा घराबद्दल म्हणतात, आणि त्या घराच्या मालकासमोर म्हणतात. कूलरशी तर त्यांचं उभं वैर. नागपुरात मे महिन्यात कूलर खिडकीला घट्ट टेकवून ठेवतात, आणि त्याचं पाणी दिवसभर खालच्या भिंतीत झिरपत राहतं. व्याह्यांचा कूलर मात्र अंगणात लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर लांब. त्यातली अर्धी हवा खोलीत येते आणि अर्धी शेजारच्या कडुलिंबाला लागते. एका उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा घामाने माझा सदरा पाठीला चिकटला होता. ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "तुम्ही भिजले, पण भिंत कोरडी आहे."

माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मंगलाष्टकांचा एक फोटो आहे. त्यात सारे अक्षता टाकताहेत आणि नवऱ्या मुलाचे वडील मात्र हॉलच्या खांबाच्या बुंध्याकडे पाहताहेत. त्याहून कठीण प्रसंग आमच्या एका परिचितांच्या घरचा. त्यांची आई गेली म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. व्याही भिंतीला टेकून खाली बसले, डोळे मिटले आणि एक हात हळूच मागे नेऊन भिंतीवर ठेवला. घरच्यांना वाटलं, या माणसाला किती दुःख झालंय. एक आत्याबाई तर त्यांना पाणी घेऊन आल्या. निघताना त्यांनी थोरल्या मुलाचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तेरवीनंतर बोलू." तो मुलगा पुढे कितीतरी दिवस मला विचारत होता की काकांना आईबद्दल काय सांगायचं होतं. मी काय सांगणार? अशा माणसाबरोबर चारचौघांत जायची मला लाज वाटे, आणि तो बरोबर नसला की करमत नसे, हेही खरं.

हा सगळा अधिकार त्यांना त्यांच्या स्वतःच्या घराने दिला होता. ते घर त्यांनी तरुणपणी उभं राहून बांधून घेतलं. जोत्यावर, विटांचा पहिला थर चढवण्याआधी, जमिनीतलं पाणी वर चढू नये म्हणून एक पक्का थर घालतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. तो थर घातला त्या दिवशी यांनी कॉलेजातून रजा काढली होती आणि नव्याने लग्न होऊन आलेल्या विहीणबाई सकाळ-संध्याकाळ बादलीने त्याच्यावर पाणी मारत होत्या. त्या गल्लीतल्या साऱ्या घरांना हळूहळू ओल लागली, यांच्या घराला लागली नाही. रोज सकाळी उठून, चहाच्याही आधी, व्याही खालच्या सगळ्या खोल्यांतून फिरत. भिंतीच्या पायाशी पांढरी भुकटी पडली आहे का ते वाकून पाहत, कारण भुकटी नाही म्हणजे क्षार नाही, क्षार नाही म्हणजे पाणी चढत नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विहीणबाईंना सांगत, "एक कण नाही." विहीणबाई म्हणत, "बसा, चहा झाला." माझी मुलगी आणि जावई वरच्या मजल्यावर राहतात, त्यांनाही हा संवाद रोज जिन्यातून ऐकू येई.

मग त्यांच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता चांगला झाला, पण इतका उंच झाला की सगळी घरं खड्ड्यात गेल्यासारखी दिसू लागली आणि पावसाचं पाणी फाटकातून आत येऊ लागलं. लोकांनी आपापल्या अंगणात मुरूम भरून घेतला. बाजूच्यांनी दोन घरांमधल्या बोळातही भरला. तो व्याह्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागला, जोत्याच्या आणि त्या पक्क्या थराच्याही वर, म्हणजे मुरमातलं पाणी अडवायला आता मधे काहीच उरलं नाही. व्याह्यांनी अंगणात भिंतीलगत नाली खणली, पाणी काढून दिलं आणि निश्चिंत झाले. पाऊस ओसरला आणि विहीणबाईंना खोकला सुरू झाला. आधी साधाच वाटला, मग धाप लागू लागली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? व्याही हसलेच. "माझ्या घरात?" त्यांनी उदबत्ती बंद केली, फोडणीच्या वेळी खिडक्या उघडल्या, गादीतला कापूस बदलला. भिंतीचा विचार सोडून त्यांनी सगळं केलं. खोकला थांबेना.

एक दिवस माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, आईंच्या खोलीत वास येतो. आम्ही दोघांनी सांगून पाहिलं, तर इकडचे बाबा म्हणतात, भुकटी दाखवा. भुकटी तर नाहीच आहे. तुम्ही बोला नं." मी पेचात पडलो. मुलीच्या बापाने मुलीच्या सासरच्या घरात खोट काढू नये, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळतं. माझे वडील तर माझ्या बहिणीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. आणि इथं मी जाऊन सांगायचं काय, तर व्याही, तुमची भिंत ओली आहे. कुणाला, तर त्यांना. पण मुलीचा आवाज मला आवडला नव्हता. सकाळच्या फिरण्याचं निमित्त करून मी उजाडताच त्यांच्या घरी गेलो.

फाटक उघडंच होतं. झोपायच्या खोलीचं दार पडवीत उघडतं, तेही उघडं होतं. व्याही मागे न्हाणीघरात होते, तांब्याचा आवाज येत होता. आणि विहीणबाई पलंगाच्या पलीकडे भिंतीपाशी वाकून, पदर नाकाला लावून, फुलझाडूने भिंत झाडत होत्या. कपाटाच्या आडून सुरू झालेला पांढरा फुलोरा भिंतीच्या पायाशी लांबपर्यंत गेला होता. त्या झाडत होत्या, खोकत होत्या, थांबत होत्या, पुन्हा झाडत होत्या. खाली पडलेली भुकटी त्यांनी सुपलीत भरली. मग वळल्या आणि मी दिसलो.

त्या घाबरल्या नाहीत. सुपली दाराआड ठेवून बाहेर आल्या आणि दम घेत म्हणाल्या, "त्यायले सांगू नका जी."

"केव्हापासून करता आहात हे?"

"पाऊस गेला तेव्हापासून. ते न्हाऊन याच्या आधी झाडून टाकतो मी. दिसलं त्यायले तर खचून जातीन. हे घर म्हणजे जीव आहे त्यायचा."

"पण हातालासुद्धा लागत नाही त्यांच्या?"

विहीणबाईंनी एकदा न्हाणीघराकडे पाहिलं. "शुगरनं हात बधिर झाले त्यायचे. कोणाले सांगत नाही. हात लावतात अन् मग खाली भुकटी पाहतात. भुकटी नसली की म्हणतात, कोरडी आहे."

मला तेव्हा या बाईंचा राग आला, खोटं कशाला सांगू. आपल्या छातीत ती धूळ भरून घेऊन नवऱ्याचा मान राखणं याला काय म्हणायचं? पण राग कुणावर करायचा हेही मला कळेना. तेवढ्यात व्याही आले. मला पाहून खूश झाले, इतक्या सकाळी कसे म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या रोजच्या फेरीला लागले. प्रत्येक खोलीत वाकून पाहिलं. झोपायच्या खोलीतही पाहिलं, भिंतीला हात लावला. मग पडवीत येऊन म्हणाले, "पाहा डॉक्टरसाहेब. इतका मोठा रस्ता झाला, गल्लीचं तळं झालं, अन् आपल्या घरात एक कण नाही." आत विहीणबाईंना ढास लागली. ती थांबेचना.

मी आत गेलो, दाराआड ठेवलेली सुपली उचलली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. मुलीचा बाप म्हणून जे करू नये ते मी केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

व्याह्यांनी सुपलीकडे पाहिलं. सवयीने चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. "खारट आहे," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे, तिच्या हातातल्या झाडूकडे. त्यांना कळायला वेळ लागला नाही. आता ते भिंतीबद्दल बोलतील, बाजूच्यांच्या मुरमाबद्दल, रस्त्याबद्दल, असं मला वाटलं.

"हे तू नाकातोंडात घेऊन राहिली वं?" ते म्हणाले.

विहीणबाई खाली पाहत होत्या. "रोज सकाळी तुम्ही दाराशी येऊन म्हणता नं, एक कण नाही. ते ऐकाले बरं वाटे."

व्याह्यांनी तिच्या हातातला झाडू घेतला, तो कुठं ठेवायचा ते सुचेना म्हणून तसाच हातात धरून उभे राहिले. मी चहा न घेता निघालो. संध्याकाळी मुलीचा फोन आला की बाबांनी स्वतः आईंची उशी आणि पांघरूण वर आणलं आणि मुलाला म्हणाले, तुम्ही दोघं समोरच्या खोलीत व्हा, तुझी आई आता खाली झोपणार नाही.

विहीणबाईंची धाप आता पुष्कळ कमी आहे. बोळातला मुरूम निघाला, पण भिंत वाळायला वर्षं लागतात हे व्याह्यांनीच मला कितीदा सांगितलेलं, त्यामुळे ते घाई करत नाहीत. सकाळची फेरी थांबली. मला ती थांबलेली आवडलेली नाही. माणसाचं वेड गेलं की तो शहाणा होतो असं नाही, थोडा म्हातारा होतो.

परवा मी आणि व्याही काटोलला गेलो होतो, माझ्या मावसभावाकडे. त्याने नवं घर विकत घेतलं आहे, जुनंच, पण रंग देऊन. व्याह्यांना मुद्दाम बोलावलं होतं. भावाने प्यायचं पाणी यायच्या आधी त्यांना भिंतीपाशी नेलं, कारण त्यांची ख्याती तिथवर पोचलेली. रंग खालून फुगलाच होता. व्याही वाकले नाहीत. हात पुढे केला नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या माझ्या वहिनीकडे वळून त्यांनी विचारलं, "वहिनी, सकाळी भिंतीखाली पांढरं काही पडते का?"

"पडते नं," वहिनी म्हणाली.

"अन् झाडते कोण?"

वहिनीला या प्रश्नाचं नवल वाटलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "मीच झाडते. रोजच." माझा भाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते ठाऊक नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"खोकला येते का?" व्याह्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणाली तेव्हा ते खुर्चीवर टेकले आणि तिलाही समोर बसायला सांगितलं. भिंतीकडे त्यांनी पुष्कळ वेळाने पाहिलं. परतताना नागपूर जवळ आल्यावर त्यांनी गाडीतूनच घरी फोन लावला आणि वर झोपलीस ना, औषध घेतलंस ना, एवढंच विचारलं.